रेषेबाहेरचा खेळ

२४ ऑगस्ट २०१८ या दिवशी जकार्त्यात आशियाई क्रीडा स्पर्धेतला महिला कबड्डीचा अंतिम सामना झाला. एका बाजूला भारत होता. २०१० मध्ये ग्वांगझूला महिलांची कबड्डी या स्पर्धेत पहिल्यांदा आली, तेव्हापासून सुवर्णपदक भारताकडेच होतं. २०१४ मध्ये इंचॉनला ते भारतानं इराणला हरवून राखलं होतं. चार वर्षांनी समोर पुन्हा इराणच होता. मध्यंतरापर्यंत भारत थोडा पुढे होता, पण सामना संपला तेव्हा फलकावर इराण २७, भारत २४ असे गुण होते. इराणच्या बाकावर बसलेली प्रशिक्षिका नाशिकची होती. तिचं नाव शैलजा जैन.

या पुस्तकाचा विषय म्हणजे शैलजाताईंची वाटचाल. कबड्डी खेळलेली एक मराठी बाई प्रशिक्षिका होते, सरकारी नोकरीत वर्षानुवर्षं मुलींना घडवते, निवृत्त होते आणि निवृत्तीनंतर परदेशी संघाला आशियाई विजेता करते. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती भारताच्या पराभवाची. ते स्वाभाविकच होतं. पण त्या पराभवाच्या पोटात आणखी एक बातमी होती आणि ती दोन-चार दिवसांत विरून गेली. महाराष्ट्राच्या जिल्ह्या-जिल्ह्यांत प्रशिक्षणाची जी विद्या साठलेली आहे ती किती मोलाची आहे, हे त्या निकालानं दाखवलं. आपल्या घरात ती होती तेव्हा आपण तिची पुरती किंमत केली नाही.

मी ही प्रस्तावना पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. कबड्डी खेळणारी मुलं-मुली इथे गावोगाव, पाड्यापाड्यावर आहेत. भाताची कापणी झाली की रिकाम्या शेतात फक्कीच्या रेषा आखल्या जातात, हिवाळ्यात दिवे लावून रात्रीचे सामने होतात, बघ्यांची गर्दी होते. आश्रमशाळांच्या स्पर्धांत इथली मुलं जिंकून येतात. आणि मग विशीच्या आसपास बहुतेकांचा खेळ थांबतो. तो का थांबतो आणि थांबलेल्या खेळाडूचं पुढे काय होऊ शकतं, हे दोन प्रश्न मला अस्वस्थ करतात. शैलजाताईंच्या वाटचालीत दुसऱ्या प्रश्नाचं एक खरं, घडलेलं उत्तर आहे, म्हणून ती इथे वाचली जावी.

इराण हे नाव डहाणूकरांना परकं नाही. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या पट्ट्यात चिकूच्या ज्या वाड्या आहेत त्यांतल्या कितीतरी इराणहून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी लावल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे त्या कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे आणि त्या वाड्यांत राबणाऱ्या वारली मजुरांचीही. कष्टाळू माणसं विद्या आणि रोपं घेऊन तिकडून इकडे आली. शैलजाताई उलट्या दिशेनं गेल्या. मराठी मातीत मुरलेली प्रशिक्षणाची विद्या त्यांनी तिकडे नेली.

खेळाडूचा प्रशिक्षक होणं म्हणजे नेमकं काय होतं? बाहेरून ते बढतीसारखं दिसतं. आतून ती नव्यानं केलेली सुरुवात असते. चढाईला गेलेल्या खेळाडूला निर्णय घ्यायला क्षणाचा अवधी मिळतो. समोरच्या कोपरारक्षकाचा डावा पाय हलला, त्याचा हात घोट्याकडे झुकला, की अंग आपसूक वळतं. कुणी नंतर विचारलं, तू असा का वळलास, तर चांगल्या चांगल्या खेळाडूला सांगता येत नाही. प्रशिक्षकाला ते सांगता यावंच लागतं. अंगात मुरलेली गोष्ट बाहेर काढून, तिचे तुकडे करून, दुसऱ्याच्या अंगात उतरवायची. तीही अशा मुलीच्या, जिची उंची वेगळी, वजन वेगळं, भीती वेगळी. म्हणूनच मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होईल याची काही खात्री नसते. खेळाडू म्हणून ज्यांचं नाव घराघरांत पोचलं नाही अशी माणसं उत्तम प्रशिक्षक होतात, कारण त्यांना आपला खेळ कष्टानं समजून घ्यावा लागलेला असतो.

दुसरा बदल अधिक कठीण. खेळाडूच्या हाती सामना असतो. प्रशिक्षकाच्या हाती सामन्याआधीचे महिने असतात आणि सामन्यात मात्र तो रेषेबाहेर बसतो. कोपऱ्यातली मुलगी घाई करणार हे त्याला दिसतं, पण तिचा पाय त्याला मागे ओढता येत नाही. जे शिकवलं ते तिच्या अंगात उतरलं असेल तर ती थांबेल, नाहीतर थांबणार नाही. ही असहायता ज्यांना सोसत नाही ते ओरडत राहतात. ज्यांना सोसते ते पुढच्या सरावाची आखणी करतात.

या विषयाकडे मी वळलो तो रग्बी लीगच्या वाटेनं, हे सांगितलं पाहिजे. तो खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही, पण त्याच्या जन्माची गोष्ट तलासरीच्या माणसाला लगेच कळेल. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या रग्बी क्लबांत खाणमजूर आणि गिरणीकामगार खेळत. शनिवारी सामना खेळायचा तर त्या दिवसाची मजुरी बुडे. बुडालेली मजुरी भरून द्यावी, एवढीच त्या क्लबांची मागणी होती. खेळाचा कारभार बघणाऱ्या सुखवस्तू मंडळींनी ती मानली नाही. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. त्यातून तेरा-तेरा खेळाडूंचा रग्बी लीग हा वेगळा खेळ उभा राहिला. चेंडू हाती घेऊन धावायचं, समोरच्यानं अंगावर येऊन पकडायचं, सहा पकडींच्या आत काय साधायचं ते साधायचं. पकड हा त्या खेळाचा गाभा. कबड्डीवाल्याला तो पाहताना अंगात काहीतरी ओळखीचं हलतं.

त्या खेळातला एक माणूस मला या पुस्तकाशी फार जवळचा वाटतो, तो म्हणजे आर्थर बीटसन. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातल्या रोमा या लहान गावी तो १९४५ मध्ये जन्मला. ज्या वर्षी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारल्यांनी वेठबिगार करणार नाही असा निर्धार केला, तेच हे वर्ष. बीटसन तिथल्या मूळनिवासी समाजातला. धिप्पाड, पण हात असे की चार जणांनी धरलं तरी चेंडू सोबत्याकडे सरकवायचा. १९७० च्या दशकात तो ऑस्ट्रेलियाच्या संघाचा कर्णधार झाला. देशाच्या राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करणारा, कुठल्याही खेळातला, तो पहिला मूळनिवासी खेळाडू मानला जातो. ८ जुलै १९८० ला क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स यांच्यात खेळाडूंच्या मूळ राज्याच्या आधारावर पहिला सामना झाला, तेव्हा क्वीन्सलँडनं पस्तीस वर्षांच्या बीटसनला कर्णधार केलं. त्या वेळी सिडनीत त्याच्या क्लबनं त्याला दुय्यम संघात ठेवलेलं होतं. क्वीन्सलँड २०-१० नं जिंकलं. पुढच्या वर्षापासून तोच त्या संघाचा प्रशिक्षक झाला आणि पुढची काही वर्षं क्वीन्सलँडचंच वर्चस्व राहिलं. खेळाडू म्हणून त्याला संपलेला ठरवलेलं असताना एका संघानं त्याच्या अनुभवाला जागा दिली, आणि एक परंपरा उभी राहिली.

आपल्याकडे अनुभवाला अशी जागा देण्याची रीत का रुजली नाही, हे समजायचं तर कबड्डीचा प्रवास थोडक्यात पाहावा लागेल. हुतुतू हा खेळ गावागावांत आपापल्या नियमांनी खेळला जायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत महाराष्ट्रातल्या आणि बडोद्यातल्या व्यायामप्रेमी मंडळींनी त्याचे नियम बांधले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यांत कबड्डीही होती. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी आपलं आयुष्य या खेळाच्या संघटनेला वाहिलं. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाली. जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि माती गेली, मॅट आली, दिवे आले, पैसा आला. २६ जुलैला लीगचा पहिला सामना झाला आणि त्यानंतर आठवडाभरातच, १ ऑगस्टला, पालघर जिल्हा जन्माला आला.

या सगळ्या काळात मेहनत घेणारे प्रशिक्षक होतेच. मुंबई-ठाण्याच्या मंडळांत, पुण्या-सांगलीच्या तालमींत, विदर्भाच्या व्यायामशाळांत संध्याकाळी नोकरी आटोपून मैदानावर येणारी माणसं होती. पण प्रशिक्षण हे स्वतंत्र काम आहे, त्याला वेगळं शिक्षण लागतं, वेगळा पगार लागतो, त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते, हे समाजाच्या अंगवळणी पडलं नाही. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून आहे. तिथली प्रशिक्षणाची पदविका आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग यांतून हजारो माणसं गेली. तरी गावाकडे अजूनही समज असा, की खेळता येत नाही तो शिकवतो, नाहीतर म्हातारपणी वेळ जात नाही म्हणून शिकवतो.

शैलजा जैन या समजाच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या आयुष्याचं नाव आहे. त्या तरुणपणीच प्रशिक्षणाकडे वळल्या. नाशिकमध्ये शासनाच्या क्रीडा प्रशिक्षक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केलं. सरकारी क्रीडा प्रशिक्षकाचं काम बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. सकाळ-संध्याकाळ मैदान, मधल्या वेळेत कागद. शाळांच्या स्पर्धा, निवड चाचण्या, वयाचे दाखले, प्रवासाची परवानगी, मुलींसोबत रेल्वेनं जाणं, रात्री धर्मशाळेत किंवा शाळेच्या वर्गात मुक्काम. मुलगी चांगली खेळू लागली की तिच्या घरी जाऊन आई-वडिलांची समजूत घालणं. खेळू द्या, मी सोबत आहे, हे वाक्य स्त्री प्रशिक्षकाच्या तोंडून आलं की त्याला वेगळं वजन असतं. महाराष्ट्रातल्या मुलींच्या कबड्डीचा पाया अशा बायकांनी घातला. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तिथे भारत जिंकला आणि त्या संघात महाराष्ट्राच्या तीन मुली होत्या : दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे. त्या तिघींचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. त्या अंतिम सामन्यात हरलेला संघही इराणचाच होता.

म्हणजे पाटण्यात हरले, इंचॉनमध्ये हरले. इराणच्या मुली भारतासमोर पुन्हा पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत येत होत्या आणि तिथे अडत होत्या. त्यांच्याकडे ताकद होती. इराणमध्ये ‘झू’ नावाचा कबड्डीच्या जवळचा लोकखेळ पूर्वीपासून आहे, कुस्तीची मोठी परंपरा आहे. पकड त्यांच्या रक्तात होती. कमी होती ती भारतीय संघ दडपणाखाली कसा विचार करतो याच्या माहितीची, आणि शेवटच्या पाच मिनिटांत डोकं शांत ठेवण्याची. अशा वेळी नाशिकहून निवृत्त झालेल्या शैलजाताई तिथे गेल्या. जकार्त्याच्या आधी सुमारे दीड वर्ष त्यांना मिळालं.

त्यांनी तिथे काय केलं, यातल्या तीन-चार गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत आणि त्या प्रत्येकीवर थांबावं असं मला वाटतं. त्या पक्क्या शाकाहारी. तिथे त्यांनी जुळवून घेतलं. भाषा येत नव्हती, त्या फारसी शिकल्या. दुभाष्यावर विसंबून राहिलेला प्रशिक्षक अर्धाच प्रशिक्षक असतो, कारण मैदानावरचा सल्ला दोन शब्दांचा असतो आणि तो त्याच क्षणी पोचावा लागतो. दुभाष्या बोलेपर्यंत चढाई संपलेली असते. साठीच्या आसपासच्या बाईनं परक्या देशात नवी भाषा शिकायला घेणं यात मला तिच्या कामाचं सगळं गांभीर्य दिसतं. सरावात त्यांनी योगासनं आणि प्राणायाम आणला. कबड्डी हा दमाचा खेळ. एका श्वासात चढाई करायची, तीस सेकंदांत परतायचं. श्वासावर ताबा असेल तर घाबरलेल्या क्षणीही पाय जागेवर राहतात. आणि लक्ष्य म्हणून त्यांनी मुलींसमोर पहिल्या दिवसापासून सुवर्णपदकच ठेवलं. दोनदा अंतिम सामना हरलेल्या संघाला, रौप्यही चांगलंच असतं, असं सांगणं सोपं होतं. त्यांनी ते सांगितलं नाही.

पुरुषांच्या निकालाशी तुलना केली की शैलजाताईंचं काम अधिक स्पष्ट दिसतं. त्याच जकार्त्यात आदल्या दिवशी, २३ ऑगस्टला, इराणच्या पुरुषांनी उपांत्य सामन्यात भारताला २७-१८ नं हरवलं होतं आणि पुढे सुवर्णही जिंकलं. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं भारताची होती, ती साखळी तिथे तुटली. पण इराणचे पुरुष खेळाडू तोवर प्रो कबड्डीत चार-पाच वर्षं खेळलेले होते. फजल अत्राचली तर मुंबईकरांच्या घरचा झाला होता, यू मुंबाच्या विजेत्या संघात त्याच्या पकडी आपण टाळ्या वाजवत पाहिल्या. भारतीय चढाईपटूंच्या सवयी त्यांना रोजच्या सरावातून पाठ झाल्या होत्या. इराणच्या मुलींना हे अंगण मिळालं नव्हतं, कारण ती लीग पुरुषांचीच. पुरुषांनी संघातल्या भारतीय सोबत्यांकडून वर्षानुवर्षं जे टिपलं, ते या मुलींपर्यंत एका बाईच्या डोक्यातून पोचलं. माझ्या मते महिलांचं सुवर्ण प्रशिक्षणाच्या दृष्टीनं अधिक मोठं आहे.

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो त्या काळी अनेकांनी विचारला. भारताची बाई भारताविरुद्ध कशी? समोरच्या भारतीय संघात मुंबईची सोनाली शिंगटेही खेळत होती. एका मराठी मुलीच्या पराभवाची आखणी एका मराठी प्रशिक्षिकेनं केली, असंही म्हणता येतं. मला हा आक्षेप मान्य नाही. ज्या मुलींनी आपल्यावर विश्वास टाकला त्यांना आपल्याजवळचं सगळं देणं, राखून न ठेवणं, हाच प्रशिक्षकाचा धर्म. भारताविरुद्ध असताना थोडं कमी शिकवायचं असं ठरवणारा माणूस भारतातही थोडं कमीच शिकवेल. शैलजाताईंनी नंतर मोकळेपणानं सांगितलं की भारतीय संघाची जबाबदारी आपल्याला मिळाली नाही याची त्यांना खंत होती, आणि आपण काय करू शकतो ते सिद्ध करायचं होतं. त्यांच्या जागी कुणीही असता तर त्याला असंच वाटलं असतं. प्रश्न विचारायचाच तर तो त्यांना न विचारता, अशा प्रशिक्षकांना निवृत्तीचं पत्र हातात देऊन विसरून जाणाऱ्या आपल्या रीतीला विचारावा. भारतानं पुढे धडा घेतला असंही दिसलं. २०२३ मध्ये हांगझूला दोन्ही सुवर्णपदकं परत आली, महिलांनी चायनीज तैपेईला अवघ्या एका गुणानं, २६-२५, हरवलं. आशियात आता एकही सामना सोपा उरलेला नाही, आणि हा खेळ जगाचा व्हावा असं आपणच तर म्हणत होतो.

हे सगळं डहाणू-तलासरीत वाचताना काय हाती येतं?

इथल्या मातीला शिक्षक म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत, गुरांमागे जातात, हे दिसल्यावर त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली. मुलांची भाषा कानावर घेतली, त्यांच्या भोवतालच्या पानां-बियांतून शिकवण्याची साधनं केली. कोसबाडची कुरणशाळा ही साऱ्या देशाच्या बालशिक्षणाला मिळालेली देणगी आहे. त्याच वर्षांत वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांत चालत हिंडत होत्या, वारल्यांच्या झोपडीत राहत होत्या. या दोन कामांचे मार्ग वेगळे, पण एक गोष्ट समान होती. ज्याला घडवायचं त्याच्या ठिकाणी, त्याच्या भाषेत आणि त्याच्या दिनक्रमात जावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

खेळात आपण अजून तिथवर पोचलेलो नाही. अनेक आश्रमशाळांत खेळाचा तास दुसरा विषय शिकवणारे शिक्षक आपल्या हौसेवर चालवतात. त्या शिक्षकांबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांच्याशिवाय इथे स्पर्धाच झाल्या नसत्या. पण मॅटवरची कबड्डी आता वेगळी झाली आहे. महिलांचं क्रीडांगण १२ मीटर बाय ८ मीटरचं, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. तिसरी चढाई गुणाविना गेली तर चढाई करणारीच बाद. तीन किंवा कमी खेळाडू उरले असताना केलेल्या पकडीला जादा गुण. बोनस रेषा, निदान रेषा, कोपरारक्षक आणि मध्यरक्षकांची साखळी, हे सारं गणित आहे आणि ते सरावानंच अंगात भिनतं. शेतात अनवाणी खेळलेली मुलगी पहिल्यांदा बूट घालून मॅटवर उतरते तेव्हा तिचा पाय थांबायचा तिथे थांबत नाही, गुडघा पिळवटतो. गुडघ्याची एक मोठी दुखापत आणि खेळ संपला. पडायचं कसं, थांबायचं कसं, खेळण्याआधी अंग कसं तापवायचं, हे शिकवणारं माणूस शेजारी असतं तर तो गुडघा वाचला असता. मला प्रशिक्षकाची गरज पदकांच्या आधी इथे वाटते.

मग पोट. कुपोषणाच्या बातम्या आपल्या जिल्ह्यातून वर्षानुवर्षं येत राहिल्या आहेत. सरावाला आलेल्या मुलीनं सकाळपासून काय खाल्लं हे विचारल्याशिवाय तिला दहा फेऱ्या मारायला सांगणारा प्रशिक्षक इथे कामाचा नाही. मग भाषा. घरात वारली किंवा दावरी बोली, बाजारात गुजराती मिसळलेली मराठी, शाळेत पुस्तकी मराठी. नाशिकची बाई तेहरानच्या मुलींसाठी फारसी शिकते, तर बदलीवर आलेल्या प्रशिक्षकाला वारलीतले शे-दोनशे शब्द शिकायला हरकत नसावी. त्याहून चांगलं म्हणजे प्रशिक्षकच इथला असावा. आणि मग वर्षाचं चक्र. दिवाळीनंतर भात झोडून झालं की कुटुंबं कामाला बाहेर पडतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी मिठागरात, कुणी वापी-उंबरगावच्या कारखान्यांत, तलासरी-डहाणूची कितीतरी तरुण पोरं गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून. खेळाचा हंगाम आणि मजुरीचा हंगाम एकच येतो. सामन्यासाठी दिवस सोडायचा तर त्या दिवसाची मजुरी बुडते. हडर्सफील्डच्या त्या बैठकीत याच प्रश्नावर वेगळा खेळ जन्माला आला होता. इथे त्याच प्रश्नावर खेळाडू गप्प घरी बसतो.

मुलींचं तर आणखी अवघड. सतरा-अठराव्या वर्षी लग्नाची बोलणी सुरू होतात. खेळून काय मिळणार, हा आईचा प्रश्न चुकीचा नसतो. पोलीस भरती, रेल्वे, खेळाडूंसाठीचं नोकरीतलं आरक्षण, ही उत्तरं आहेत, पण ती राज्य पातळीपर्यंत पोचलेल्या थोड्यांसाठी. तालुक्याच्या संघातून खेळलेल्या बाकीच्या दहा-बारा मुलींचं काय? त्यांच्या पायांत जे साठलं आहे ते त्यांच्याच पाड्यावरच्या पुढच्या मुलींना देता यावं, त्या कामाचा पगार मिळावा, असं एक पद, एक वाट आपण उभी करू शकलो तर आईच्या प्रश्नाला उत्तर मिळेल. अंगणवाडी सेविका आणि आशाताई या दोन पदांनी पाड्यावरच्या बायकांना काम आणि मान दिला. गावची क्रीडा मार्गदर्शक हे तिसरं पद का असू नये?

शैलजाताईंच्या वाटचालीतून असा धडा कुणी काढू नये की परदेशात गेल्याशिवाय किंमत होत नाही. त्यांच्या आयुष्यातला फार मोठा भाग नाशिकच्या मैदानावर गेला. इराणची दीड वर्षं त्या साऱ्या वर्षांवर उभी आहेत. पुढची पानं वाचताना जकार्त्याच्या सामन्याकडे धाव घेण्याचा मोह होईल, मलाही होतो. पण नाशिकच्या वर्षांवर रेंगाळा अशी माझी विनंती आहे. रोजचा सराव कसा आखायचा, घाबरट मुलीला चढाईला कधी पाठवायचं आणि कधी थांबवायचं, हरलेल्या संघाशी त्याच रात्री बोलायचं की दुसऱ्या दिवशी, जिंकलेल्या संघाला जमिनीवर कसं आणायचं, ही विद्या तिथे तयार होते.

आणि वाचून झाल्यावर एका मागणीत माझ्यासोबत या. प्रशिक्षकांचा सहा आठवड्यांचा वर्ग पतियाळालाच भरावा असं काही नाही. तो डहाणू किंवा तलासरीत भरवता येईल. जून ते ऑगस्टमध्ये भरवावा, कारण आवणीसाठी माणसं तेव्हा घरी परतलेली असतात. पाऊस कोसळत असेल, म्हणून मॅट आश्रमशाळेच्या सभागृहात टाकावी. आवणीची कामं सकाळची असतात, तेव्हा वर्ग दुपारनंतर ठेवावा. प्रवेशासाठी पदवीची अट न घालता तालुक्याच्या संघातून खेळल्याचा दाखला पुरे मानावा. निम्म्या जागा मुलींना द्याव्यात. शिकवणी मराठीत व्हावी, शंका वारलीत विचारता याव्यात. जेवण वर्गातच मिळावं आणि बुडणाऱ्या मजुरीची भरपाई रोजच्या रोज हातात पडावी. जिल्हा क्रीडा कार्यालय आणि डहाणूचा आदिवासी विकास प्रकल्प हे एकत्र बसले तर येत्या पावसाळ्यातच हे सुरू होऊ शकतं.